पिसाची माशी

मुंजाजीनं आणलेली काठी चार तुकड्यांची.
एकात एक खोचली की दोन पुरुष उंच,
हलवली की हवेत शीळ घालणारी.
"ह्यानं तिकडं सॅमन धरतात," तो म्हणाला.
सटवाजी भोयानं विडी कानामागं लावली :
"कसलं सामान?"

पौषातला आठवडा. येलदरीच्या फुगवट्याला,
पाणी उतरून काळी माती उघडी पडते तिथं,
जिलानीनं टेम्पो आडवा लावला, ताडपत्री ताणली.
नऊ माणसं, दोन चुली,
आणि शोभावहिनीची मसाल्याची बरणी,
जिंतूरपासून मांडीवर आणलेली, लेकरासारखी.
दाजीही आले. गळ्यात माळ, तरी रोज गळापाशी बसायचे.
मासा खायचे नाहीत, नुसता बघायचे,
आणि रात्री आमच्यापासून चार हात लांब
पिठलं-भाकरी, वाऱ्याकडं पाठ करून.

सटवाजीचं साधं : बोटाला गुंडाळलेली तंगूस,
कणकेची गोळी, त्यात चिमूटभर हिंग.
बसल्या जागी तो तीन मिरगल काढायचा
तोवर मुंजाजीची दोरी हवेत आठचे आकडे गिरवून
मागल्या बाभळीत अडकलेली असायची.
तिसऱ्या दिवशी डबी रिकामी.
पिसाच्या, जरीच्या, निळ्या मानेच्या
सगळ्या माश्या बाभळीला लागल्या,
अवेळी फुलल्यागत.

"माशाला माशी दाखवायची," सटवाजी म्हणाला,
"म्हंजी हे लग्नाचंच काम. लई दिवस लागत्यात."

रात्री शेकोटीशी मुंजाजी सांगायचा :
तो मासा समुद्रात वाढतो, अन् अंडी घालायला
जन्मला त्याच ओढ्यात परत येतो. वासावरून.
"अन् मधी धरण आलं तर?"
"पायऱ्या बांधून देतात. धरणाच्या कडेनं, पाण्याच्या."
"माशाला?"
"माशाला."
सटवाजी भिंतीकडं बघत राहिला.
तिथले दिवे पाण्यात लांबट झालेले.
मग निखारा उचलून त्यानं विडी लावली.
"आमाला कागूद दिला व्हता," एवढंच बोलला.

पाचव्या दिवशी माशी मी बांधली.
माझं ब्लाउजचं दुकान आहे, बोटांना सवय.
चौकीवरच्या कोंबड्याची मानेची दोन पिसं
(जिलानीनं आणली, कोंबड्याला विचारलं नाही),
जांभळा रेशीमधागा, टिकलीचा तुकडा.
मुंजाजीनं ती उन्हात फिरवून पाहिली.
"ही कुठल्याच पुस्तकात नाही गं," म्हणाला.

सहाव्या दिवशी, दुपारी, तो वर बांधावर फोन घेऊन.
तिकडं सकाळ झालेली. लेकीशी इंग्रजीत बोलताना
त्याचा आवाज पातळ होतो, दुसऱ्याच कुणाचा.
काठी दाजींच्या हातात. "धरा जरा," एवढंच सांगून गेलेला.
दाजींनी सहज झटका दिला, माशी
पाणकणसांच्या कडेला पडली, चुकून नीट,
आणि पाणी फुटलं.

मरळ. कोपरापासून बोटांपर्यंत.
दाजी ओरडले ते नाव देवाचं होतं.
शोभावहिनी बरणी उघडून उभी.
दाजी वाकले, लोंबती माळ दातात धरली,
गळ सोडवला
आणि मासा पाण्यात ठेवला.
टाकला नाही, ठेवला.

जो तो त्यांना बोलला. पोरं तर रडलीच.
मुंजाजी धावत खाली आला अन् हसत सुटला :
"अहो, तिकडं असंच करतात! धरायचा अन् सोडायचा!"
सटवाजीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.
"मंग धरायचा कामून?"

कुणी काही बोललं नाही.
दाजी आपला हात हुंगत होते.

होळीनंतर एकदा गेले होते तिकडं.
पाणी पार खाली. चुलीचे दगड आहेत तसेच.
बाभळीवरच्या माश्या मोजल्या : सात उरल्यात.
वारा आला की सगळ्या एका दिशेला तोंड करतात,
ओढत्या पाण्यात उभं राहावं तशा.