बत्तीस

काटोल रोडच्या लॉनवर चार वाजता पोचतो आम्ही,
मी, गज्जू, आणि छोट्या हत्तीत दोन टॉप, दोन बेस,
एक मिक्सर, ज्याच्या तिसऱ्या चॅनेलला खरखर आहे.
मे महिना. वायर धरली की हात भाजतो.
गज्जू ओला दुपट्टा अर्धा स्वतःच्या डोक्यावर टाकतो,
अर्धा अँप्लिफायरवर.

रियुनियनचं काम वेगळं.
लग्नात लोक नाचायला येतात,
इथे ओळखायला.
म्हणून पहिला तासभर आवाज चारवर ठेवायचा,
"अबे, तू बोकडेच ना?" ऐकू जाईल एवढा.
केस गेल्याचं हसून झालं,
शुगर, गुडघे, पोरगं पुण्यात का बंगलोरले, हे झालं
की सहावर.
त्यांच्या शाळेच्या दिवसांतलं खास गाणं
नऊच्या आत लावायचं नाही,
सावजी रस्सा निवतो
आणि केटरर मला शिव्या देतो.

कन्सोलमागून बरंच दिसतं.
एक बाई येते, गाणं सांगते,
चार पावलं जाते, परत येते:
"नको, राहू द्या."
मी लिहून घेतलेलं खोडतो.

आज खांबाला वायर बांधता बांधता
बॅनर वाचला. दहावी, १९९३.
खाली शाळेचं नाव.
बुकिंग फोनवर झालं होतं,
लॉन, रेट, जनरेटर कोणाचा, एवढंच.
गज्जूला काही बोललो नाही.

नववीपर्यंत मी यांच्यातच होतो.
हेडाऊ, म्हणून मुलांच्या यादीत शेवटचा,
नंबर बत्तीस. माझ्यानंतर मुली सुरू.
मग बाबांचा माग विकला
आणि मी सतरंजीपुऱ्यात रेडिओच्या दुकानात
सोल्डर धरायला लागलो.
व्हॉट्सॲप ग्रुप दहावीचा आहे.
त्यात मी कसा असणार?

आठ वाजता खोब्रागडे सरांना हजेरी घ्यायला लावली.
एक्याऐंशी वर्षांचे, खुर्चीतच.
माइकची बॅटरी बदलून मीच हातात दिला.
"थँक्यू बेटा," म्हणाले.
ते सगळ्यांनाच म्हणायचे.

एकोणतीस, हजर सर.
तीस.
कोणीतरी हळूच म्हणालं, "गेला सर, कोरोनात."
मी फेडर ओढला नाही,
तिसरं चॅनेल तेवढं खरखरत राहिलं.
एकतीस, हजर.
बत्तीस.

"हजर सर!"
निळ्या साडीतली उज्ज्वला आष्टनकर,
हात पार वर, कोपर कानाला लावून.

म्हणजे जागा रिकामी राहिलीच नव्हती.
मुलांची यादी एकानं आखडली
आणि सगळ्या मुली एकेक घर पुढे सरकल्या.
बरोबरच आहे. एका नंबरासाठी
कोण कोरी ओळ सोडतं बाप्पा?
सरांचा आवाज बसत चालला होता.
मी थोडा इको दिला.
चाळीसच्या पुढची नावं
व्हरांड्यातून आल्यासारखी आली.

नऊला लावलं ते गाणं.
चिठ्ठी नव्हती, कोणी सांगितलं नव्हतं.
शाळेसमोरच्या पानठेल्यावर
नववीच्या अख्ख्या वर्षभर वाजायचं ते.
ताटं तशीच टाकून धावले सगळे.
"या डीजेले कसं माहीत बे?"
बोकडे ओरडला, आणि उत्तर न ऐकता नाचायला लागला.

दहाला बंद. पोलिसांचा नियम.
कोपरावर वायर गुंडाळत होतो तर आष्टनकर आली.
"दादा, तुम्ही आमच्याच वयाचे दिसता. कोणती शाळा?"
वेढे मोजत होतो, चुकले.
"साऊंडवाला आहो ताई मी," म्हटलं.
ती हसली, आणि संत्रा बर्फीचा एक डबा
मिक्सरवर ठेवून गेली.
"घ्या, न आलेल्यांचे उरले आहेत."

सदरच्या पुलाखाली येईतो
गज्जूनं अर्धा संपवला होता.
उद्या ते तिसरं चॅनेल
एकदा उघडून बघायला पाहिजे.