चौथा आकडा

लुईस बेटावरच्या शाळेत
दोरीला बांधलेली पेन्सिल
बाराबल मॅकऑलेनं आधी ओठांवर टेकवली.
चाळीस वर्षं एकच फुली मारली तिनं,
आणि दर खेपेला ती फुली
भरतीच्या पाण्यात टाकलेला खडा:
डुबुक.

यंदा फुली नाही, आकडे घाला, मी म्हटलं.
"म्हणजे माझा माणूस पडला
तरी मत चालतच राहणार?"
हो. दुसऱ्याकडे. मग तिसऱ्याकडे.

पडद्याखाली बराच वेळ तिचे बूट,
दलदलीची काळी माती लागलेले,
हलेनात.

बाहेर येऊन कुजबुजली,
"एक सोपा गं.
चौथ्यापाशी अडले.
त्या मेंढीचोराचा सख्खा भाऊ!
पण धक्क्यावर दिवा हवा
म्हणून भांडला तोच."

गेली.
पेन्सिल पार बोथट झालेली.
मी टोक काढून ठेवलं.