ओढ

सकाळी साडेसहाला कांद्याची मुळं कापावी लागतात.
उशीर झाला की विभागणाऱ्या पेशी फारशा सापडत नाहीत.
विद्यापीठाच्या फाटकावर वॉचमन पोवार विचारतात,
"मॅडम, आज पण कांदाच?"
आज पण कांदाच.

ॲसिटोकार्मिनचा लाल थेंब, काचेवर काच,
अंगठ्याचा दाब, जरा जास्त झाला की सगळं वाया.
मग दिसतात सोळा गुणसूत्रं, दुहेरी,
पंधरा मधल्या ओळीत. एक बाजूला.

"थांबलीत कशाला?" तमन्ना मुजावर विचारते.
त्या एकासाठी, मी सांगते.
त्याचे दोन्ही धागे एकाच टोकाला लागलेत.
सेपरेज नावाची कात्री तयार आहे,
पण तोवर तिच्या तोंडाला कुलूप.
आणि ऑरोरा नावाचं विकर गाठीगाठीशी जाऊन बघतं,
ओढ आहे का? दोन्हीकडून?
नसेल तर फॉस्फेटची एक चिमूट,
गाठ सुटते. पुन्हा बांध म्हणतं.
"किती वेळा?"
लागतील तितक्या.

पुस्तकात शब्द 'ताण' आहे.
मला ओढ बरा वाटतो.

आबा उद्यमनगरात तपासनीस होते.
गेजचं एक टोक भोकात जायलाच हवं,
दुसरं जाता कामा नये.
एका जॉबपायी त्यांनी अख्खी लाइन थांबवली,
ट्रक बाहेर उभा, मेंगाणे शेठ शिव्या देतायत,
आबा म्हणाले, "बसत न्हाई."
एवढंच. त्या दिवाळीला बोनस नाही,
आणि आई महिनाभर धड बोलली नाही.

धाकटीचं तिसऱ्यांदा गेलं तेव्हा
रिपोर्टवर सत्तेचाळीस होते.
सोळावं, तीनदा.
दवाखान्याच्या जिन्यात तिनं विचारलं, माझं काय चुकलं?
काही नाही, म्हणाले. खरंच होतं ते,
तरी तोंडातून पोकळ निघालं.
सांगायचं होतं:
त्या गाठी तू आईच्या पोटात असतानाच बांधलेल्या,
अडतीस वर्षं धरून होत्या गं,
एखादी सैल पडते.
नाही सांगितलं. तिच्या हातातली फाइल घेतली.

तमन्ना काच सरकवते.
ती पेशी आता तशीच राहणार, रंगात थिजलेली,
सोळावं कधीच ओळीत येणार नाही.
शेजारची मात्र दुभंगताना सापडते.
"सोळा इकडे, मॅडम. सोळा तिकडे."
मोजलेस?
"मोजले."
परत मोज.