पहिल्या ट्रकचा नंबर

भरतीच्या वेळी ठेकेदार म्हणाला होता,
खोली, पाणी, पंखा, वायफाय.
पंखा होता. नोव्हेंबर होता.
मांगल्याच्या पुढं, सोयाबीनच्या प्लांटमागं
पत्र्याची लाइन, बारा खोल्या.
सात नंबरात आम्ही सहा जणी
आणि भिंतीवर एक डबी,
तिचा हिरवा दिवा गेल्या सीझनलाच गेलेला.

रात्री आकाशाचा एक कोपरा केशरी दिसे.
ते इंदूर. तिथं पोह्यांच्या गाडीवरही
फोन दाखवून पैसे देतात.

माझं काम ओलावा मोजायचं.
मूठभर दाणे यंत्रात, आकडा वहीत,
बाराच्या वर गेला की माल परत.
फोनचा आकडा मात्र माझ्या हातात नव्हता:
खोलीत शून्य, ओट्यावर एक दांडी,
संडासाच्या मागं तीन.
पण तिथं उभं तरी किती वेळ राहणार?

खरं नेट धर्मकाट्यावर,
भागीरथ पाटीदारच्या केबिनमध्ये.
देत नव्हता असं नाही.
म्हणायचा, दीदी, सगळे लागले की माझी पावती अडकते.
मग त्यानंच तोड काढली.
पासवर्ड रोज नवा.
सकाळी काट्यावर चढेल त्या पहिल्या ट्रकचा नंबर.
जो उठेल त्याचं नेट.

लाइन साडेपाचला उठायला लागली.
शाली, टॉवेल, तोंडात ब्रश,
नंबरप्लेट धुळीनं माखलेली,
ती कुणीतरी पदरानं पुसायची,
आणि ड्रायव्हर घाबरून खाली उतरायचा:
काय झालं? कुणाला लागली का गाडी?

सुगंती झाबुव्याची. अक्षरं येत नाहीत.
आकडे येतात, पोती मोजून मोजून.
म्हणून अक्षरं माझी, आकडे तिचे.
सांडू नयेत म्हणून ती वाटेत बोलायची नाही,
चहा विचारला तरी नुसती मान.
खोलीत आली की ओतायची:
चार, चार, एक, सात.

तिचा नवरा मोरबीला, टाइल्सच्या कारखान्यात.
व्हिडिओ लागला की आधी दिसायचा पत्रा,
मग तो.
तो म्हणे, तुझ्या मागं तर आमचाच पत्रा आहे.
खिळे तसेच, गंजाचा ओघळ तसाच.
त्यांची बोली मला कळत नसे.
हसू कळे.
चित्र अडकून त्याचं तोंड उघडं राहिलं
की सुगंती फोनवर फुंकर घाली,
सुपातला कोंडा उडवावा तशी.

मला जळगावच्या कॉलेजचा अर्ज भरायचा होता,
बीएस्सीचं राहिलेलं वर्ष.
अर्ज उघडायचा काट्याजवळ.
ओटीपी यायचा संडासामागं.
मध्ये दोनशे पावलं,
आणि ओटीपीचं आयुष्य तीन मिनिटं.
दोनदा धावले. दोनदा मेला.

तिसऱ्यांदा माझं सिम सुगंतीच्या फोनात घातलं,
तिला मागं उभं केलं.
आठ! ती ओरडली.
प्लांट चालू होता, मला काही ऐकू येईना.
मग पोती उचलणाऱ्या एकानं ओरडून पुढं दिला,
त्याच्यापासून टाकीवरच्या पोरानं घेतला,
सुन्य! दो! दो! सात! नऊ!
कुणालाही सांगू नका असं लिहिलेला आकडा
अख्ख्या लाइननं हातोहात आणून दिला.
अर्ज गेला.
पुढचं पुढं.

फेब्रुवारीत ट्रक थांबले.
शेवटचा पासवर्ड चार दिवस तोच राहिला.
उठायची गरज नव्हती,
तरी साडेपाचला सुगंती दारात, मी तिच्या मागं.
काट्यावर कुणी नाही,
लाल दिव्यात एक शून्य.
ती चढली. मला हात देऊन वर घेतलं.
आकडा तिनंच वाचला.
नव्वद, ती म्हणाली,
तुझे जास्त आहेत.