आधी तुझी पिशवी

कोशित्सेच्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर,
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
स्लाव्काचं पाकीट हरवलं.
निळं, कडेची शिवण उसवलेलं,
आत चाळीस युरो आणि तिच्या कुत्र्याचा फोटो.

कुणी काही म्हणालं नाही.
हे मला नीट आठवतं,
कारण त्या स्वयंपाकघरात तेच सगळ्यांत मोठ्यानं ऐकू आलं.
सहा जणींचे बारा डोळे
किटलीला वळसा घालून निघाले
आणि इंग्रिडाच्या पिशवीपाशी येऊन थांबले.
बारांतले दोन माझे होते.

इंग्रिडा कालेयोवा. कायद्याचं दुसरं वर्ष.
स्पिशकडच्या गावातली,
म्हणजे गावातली नव्हे,
डांबर संपतं तिथून पुढच्या रोमा वस्तीतली.
रोमन कायद्यात तिला माझ्याहून जास्त गुण.
'रोमन की रोमा?' असा विनोद
पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून आला होता.
मी हसले होते.
फार नाही. पण हसले होते.

तिनं पिशवी टेबलावर उलटी केली.
दोन वह्या, केसांची रबरं,
कागदात गुंडाळलेला अर्धा पाव,
आणि एक सफरचंद, जे घरंगळत खाली पडलं
आणि माझ्या पायाशी येऊन थांबलं.
मी ते उचलून दिलं.
एवढंच केलं मी त्या दिवशी.
सफरचंद उचललं.

पाकीट गुरुवारी सापडलं,
धुलाईयंत्राच्या मागे, एका मोज्यासोबत.
"अगं बाई, इथेच होतं की!" स्लाव्का म्हणाली,
आणि सगळ्या हसल्या, किती मोकळ्या मनानं.
इंग्रिडा तेव्हा भांडी विसळत होती.

रात्री मी चॉकलेट घेऊन तिच्या दाराशी.
भाषण पाठ केलेलं:
मला किती वाईट वाटलं, मी किती रडले,
आमच्या घरी आम्ही कधीच कसा भेद केला नाही.
तिसऱ्या वाक्याला तिला जांभई आली.
"डोरोता, तुझं रडणं मी ठेवू कुठे?
माझं कपाट आधीच लहान आहे.
चॉकलेट ठेव.
आणि पुढच्या वेळी
आधी तुझी पिशवी उलटी कर."

मला राग आला, खरं सांगते.
माफी मागायला आलेल्या माणसाला
निदान बस तरी म्हणावं.
राग दोन आठवडे टिकला.
मग तो गेला, वाक्य राहिलं.

फेब्रुवारीत ग्रंथालयाला नवा पहारेकरी आला.
आम्ही पन्नास जण आत गेलो, त्यानं मान वर केली नाही.
इंग्रिडा आली. "ओळखपत्र?"
मी आत पोचले होते. परत फिरले.
माझं कार्ड त्याच्यापुढे धरलं.
"तुमचं नको."
"बघा तरी. फोटो फार वाईट आलाय."
माझ्यामागून ब्लाझेयनं त्याचं काढलं,
त्याला वाटलं, नवा नियम आला.
त्याच्यामागच्या मुलीलाही तेच वाटलं.
बघता बघता रांग जिन्यापर्यंत गेली,
आणि पहारेकरी घाम पुसत
एकेक आडनाव वाचत बसला.
हा निषेध आहे, हे त्या रांगेत
कुणाच्या गावीही नव्हतं.

"तुझ्यामुळे खिडकीजवळची जागा गेली,"
आत इंग्रिडा म्हणाली, वही उघडत.
"सॉरी."
"उद्या लवकर ये. मला नऊला बसायचं असतं."

माझी पिशवी अजून जड आहे.
तळाशी हात घातला की
काही ना काही लागतंच:
परवा ते पहिल्या आठवड्यातलं हसू लागलं,
चांगलं जपून ठेवल्यासारखं.

आता आठ चाळीस.
मी दारात, हातात कार्ड.
ती अजून आलेली नाही.
"काय हवंय?" पहारेकरी विचारतो.
"काही नाही," मी म्हणते. "थांबलेय."