गोळा केली

शनिवारी दहा ते एक माझी पाळी.
गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव: रोसाउरा,
त्यातला शेवटचा 'रा' छापखान्यात गळालेला.
हिरव्या बनातीवर मी मांडते
हात लावायला परवानगी असलेल्या वस्तू:
देवमाशाच्या कानातलं हाड,
ग्वानाकोचा जबडा, टोचून फुंकलेलं एक अंडं,
आणि कोल्ही.

दोन्या एदुविनांनी शिकवलंय:
तीन वाक्यं सांग, एक प्रश्न विचार,
मग गप्प बस.
गप्प बसणं सगळ्यात अवघड.
त्याचाही पगार नाही.

पुन्ता अरेनासचा वारा दाराला खांदा लावून उभा.
अर्धे लोक त्याला चुकवायलाच आत येतात,
आलोच आहोत तर म्हणून
थोडं विज्ञान ऐकतात.

येर्को, वय सहा, हातात अर्धा पाव,
कोल्हीला कानामागे खाजवत होता,
दारातल्या कुत्र्याला खाजवावं तसं.
झोपलीये?
नाही.
मेली?
हो.
कशाने?

माझी तीन वाक्यं तयार होती,
खाते काय, राहते कुठे, शेपटी कशाला.
चौथं कुणी दिलं नव्हतं.
कार्डावरची शाई पिवळी पडलेली:
मादी. १९३१. गोळा केली.

गोळा.
जसे शिंपले करतात. जशी वर्गणी.

मी तिला उताणी केली.
पोटावर टाके, शिवणाऱ्या हाताचे, एकसारखे.
आणि खांद्याखाली, केसांत बोट फिरवलं तर लागेल असं
वाटाण्याएवढं भोक.
आठ महिने मी हिला मांडते, उचलते,
बोट तिथे कधी गेलंच नव्हतं.

गोळी, मी म्हटलं.
काना पुसून वेलांटी दिली, एवढंच.

त्याने पाव चावला. विचार केला.
मग ठेवली कशाला?
लोकांनी बघावी म्हणून.
मी बघितली, तो म्हणाला. आता सोडा.

आईने त्याच्या जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली
आणि वाऱ्याने दोघांना दारातून उचलून नेलं.

वहीत लिहिलं: पाहुणे त्रेचाळीस.
प्रश्नांचा रकाना
रिकामाच ठेवला.

तिच्या तोंडाशी त्याने पावाचा तुकडा ठेवला होता.
झटकायला हवा, नियम आहे, कीड लागते.

झटकला मी.
एक वाजून दहा मिनिटांनी.