जावळ

माझं जावळ जनरलनं काढलं.
हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं अंगणात वाळत घातलेला मका
तोत्राकंचाभर उडाला होता,
आणि तो कात्री मागत होता केचुआत,
येताना पाठ करून आणलेल्या तीन शब्दांत.
पहिली बट त्याची. ताटात तिच्याशेजारी एक करकरीत नोट.
मी किंचाळले म्हणतात. तो हसला
आणि माझ्या बापाला म्हणाला, कोम्पाद्रे.

पोराच्या डोक्यावरून जुळणारं हे नातं,
व्याह्याहून जवळचं, सख्ख्या भावाहून बांधील.
बाप जनरलला तुम्ही म्हणायचा.
जनरल बापाला तू.
दोघंही एकमेकांना कोम्पाद्रे.

मग जीप आली, बिनस्टेपनीची.
मग मनगटी घड्याळ, मागे दोघांची नावं कोरलेली,
बापाचं स्पेलिंग चुकलेलं.
आईनं ते एकदाच हातात घेतलं, वजन पाहिलं,
बटाट्यांच्या ढिगावर ठेवून दिलं.

ज्या वर्षी रॉकेल दुप्पट झालं
त्या वर्षी ब्याऐंशी गावांनी रस्त्यावर दगड रचले.
आणि रेडिओवर माझा बाप, एपिफानियो सिपे,
त्यांनीच निवडलेला त्यांचा सेक्रेटरी, म्हणाला,
भावांनो, वाट मोकळी करा,
माझा कोम्पाद्रे बोलायला येतोय.

त्याच्या शब्दाखातर दगड बाजूला झाले.
आले ते रणगाडे.

सरकारी आकडा तेरा.
आमच्या ओढ्याकडच्या आळीतच
त्या रात्री अकरा चुली पेटल्या नाहीत.

बाप ला पासला गेला. गुडघ्यावर टोपी ठेवून
सहा तास बसला त्या लांब दालनात.
जनरल बाहेर आला, मिठी मारली, म्हणाला,
तुला माणसं सांभाळता आली नाहीत, कोम्पाद्रे.
यावर तू काय बोललास? मी विचारलं होतं, फार नंतर.
म्हणाला, चहा चांगला होता.

त्यानंतर सतरा वर्षं
तो ओंजळीत कोकाची पानं घेऊन लोकांच्या दारात उभा राहायचा.
दार कुणी लावलं नाही.
पानं कुणी घेतली नाहीत.
ती त्याच्या घामानं काळी पडायची,
मग तो एकटाच चघळायचा, परतीच्या वाटेवर.

जनरलला दुसऱ्या जनरलनं काढलं.
ऐकते, कुठल्याशा समुद्रकाठी
तो कुत्री पाळतो आणि संधिवातावर बोलतो.
ती नोट चलनातून गेली.
डब्यातली बट मात्र काळीच आहे अजून,
माझ्या आताच्या केसांपेक्षा काळी.

काल माझ्या लेकीचं जावळ होतं.
मी रुफिना म्हातारीला बोलावणं धाडलं,
जिच्या ल्योकानं पुलावरचा शेवटचा दगड
बापाचा आवाज ऐकून उचलला होता.
येईल असं वाटलं नव्हतं.
आली. उन्हात बसली. कोमाद्रे म्हणायची
माझी जीभ रेटेना.

तिनं कात्री घेतली,
पोरीच्या डोक्यावर हात ठेवला,
आणि बराच वेळ
काहीच कापलं नाही.